ज्योतीराम डोईफोडेवरचं वॉरंट

ज्योतीराम डोईफोडे चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराच्या हजेरीवर अकरा वर्षं फोर्कलिफ्ट चालवत होता. माणूस मूळचा केज तालुक्यातला. बोलायला कमी, कामाला चोख. यंदा कंपनीनं सहा जणांना कायम करायचं ठरवलं आणि त्या यादीत त्याचं नाव दुसरं आलं. कागदपत्रं सगळी झाली, फक्त पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला राहिला होता. त्यानं मोबाईलवरून अर्ज भरला. बाराव्या दिवशी उत्तर आलं: अर्जदारावर गुन्हा दाखल असल्याने दाखला देता येत नाही.

काहीतरी चूक झाली असेल, असं समजून तो शिफ्ट सुटल्यावर अंगातल्या कपड्यांनिशीच ठाण्यात गेला. पडताळणीच्या टेबलावरच्या हवालदारानं अर्जाचा नंबर टाकला आणि बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला.

"चोरीचा गुन्हा आहे. सात वर्षांपूर्वीचा, फेब्रुवारी महिन्यातला. एका वर्कशॉपमधून यंत्राला लागणारे पितळी बुश चोरले. अटक झाली, जामीन झाला, आणि त्यानंतर आरोपी तारखेला फिरकलाच नाही. तुम्हीच ना?"

"मी नाही, साहेब. मी तेव्हा इथं नव्हतोच. ठेकेदारानं आठ महिने गुजरातला पाठवलं होतं, हालोलला."

"नाव तुमचं, वडिलांचं नाव तुमचं, गाव, तालुका, आधारसुद्धा तुमचंच." हवालदार खुर्चीत मागे टेकला. त्याचा आवाज उतरला. "आणखी एक सांगतो. यात अजामीनपात्र वॉरंट निघालेलं आहे. ते दुसऱ्या ठाण्याचं आहे म्हणून तुम्ही माझ्यासमोर असे बसलाय. आधी वकील गाठा."

ज्योतीराम बाहेर आला तेव्हा त्याला मोटारसायकलची किल्ली लावता येईना. रस्त्यानं पोलिसांची गाडी गेली तशी त्यानं मान खाली घातली. आणि आपण मान का घातली, याचा त्याला स्वतःचाच राग आला.

भोसरीतल्या वकील रश्मी सरवदे यांचे वडील त्याच कंपनीतून निवृत्त झालेले. ठेक्यावरच्या कामगारांच्या केसेस त्या घेत असत. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, कोर्टाच्या ॲपवर आरोपीचं नाव टाकलं आणि मोबाईल त्याच्यापुढे धरला. 'राज्य विरुद्ध ज्योतीराम कोंडीराम डोईफोडे.' आपलं आणि मेलेल्या वडिलांचं नाव असं एका ओळीत, सरकारच्या विरुद्ध लिहिलेलं पाहून त्यानं मोबाईल हळूच बाजूला सारला.

"ॲपवर एवढंच दिसतं," रश्मी म्हणाल्या. "अटकेचा पंचनामा, जामिनाचे कागद, सह्या, हे सगळं मूळ फाईलमध्ये. आरोपी सापडत नसला की फाईल बाजूला काढून ठेवतात, ती शोधावी लागेल. नकला मी काढते. केस राजगुरुनगरच्या कोर्टात आहे, तुम्ही मात्र तिथं पाऊल टाकू नका. तिथं कुणी तुमचं नाव विचारलं तर काय सांगाल?"

आपलं नाव सांगायची चोरी झाली, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं. पुढचे वीस दिवस तो कामावर जायचा आणि यायचा, बस. घराची कडी वाजली की बायको, विजयश्री, आधी खिडकीतून बघायची. हालोलच्या कंपनीतून हजेरीचा उतारा मागवला. पीएफचा उतारा काढला. एचआरवाले रोज विचारायचे, दाखल्याचं काय झालं? तो म्हणायचा, येतोय.

एका मंगळवारी रश्मींचा फोन आला. फाईल सापडली होती, नकला मिळाल्या होत्या. कोर्टात जायचं नव्हतं म्हणून दोघं रस्त्याच्या पलीकडच्या रसवंतीत भेटले, तिथल्या बाकावर त्यांनी कागद पसरले.

"हे अटकेचं पत्रक. ओळखीची खूण बघा. उजव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण. तुम्हाला नाही, म्हणजे हा माणूस तुम्ही नाही. आपलं काम सोपं झालं." त्यांनी पान उलटलं. "पण हे मला कळेना. अटकेची खबर कुणाला दिली, तर गोजाबाई कोंडीराम डोईफोडे, नातं आई. खाली अंगठा. तुमच्या आईचं नाव काय?"

ज्योतीराम जामीनपत्रावरची सही पाहत होता. त्यात 'ज्योतीराम' असं लिहिलेलं होतं, पण त्यातला 'ज' ओळीच्या खाली शेपटी सोडून परत वर वळवलेला. तसा 'ज' त्यांच्या घरात एकच माणूस काढायचा. त्याचा धाकटा भाऊ, ज्ञानेश. आणि भुवईवरचा तो व्रण? ज्ञानेश सात वर्षांचा असताना बैलगाडीच्या साटीवरून पडला होता. त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत ज्योतीरामच पळाला होता.

"ज्योतीरामभाऊ, हा कोण आहे, ओळखता तुम्ही?"

"नाही," तो म्हणाला.

रश्मींनी त्याच्याकडे पाहिलं आणि कागद गोळा केले. "बरं. ओळखत असाल तर मला उशिरा सांगू नका."

घरी आई भाजी निवडत बसली होती. ज्योतीरामनं नक्कल तिच्यासमोर जमिनीवर ठेवली. तिला वाचता येत नव्हतं. पण स्वतःच्या अंगठ्याचा ठसा तिनं ओळखला असावा. तिचे हात थांबले.

"आई, हे काय हाय?"

"लई जुनं झालं ते, लेकरा."

"जुनं झालं? माझ्यावर वॉरंट हाय! उद्या मला बेड्या घालून नेतील!"

गोजाबाई मग हळूहळू बोलली. ज्ञानेश तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे उठून पळायचा, दिवसा त्या वर्कशॉपमध्ये काम करायचा. सोबतच्या पोरांच्या नादी लागून त्यानं माल बाहेर काढला आणि पहिल्याच दिवशी पकडला गेला. खोलीच्या भाडेकराराला लागते म्हणून थोरल्याच्या आधारची झेरॉक्स त्याच्या पाकिटात होती. चेहरेपट्टी सारखी. गुन्हा लागला की भरती संपली, म्हणून त्यानं भावाचं नाव सांगितलं. ठाण्यात ते कुणी ताडून पाहिलं नाही. "मला बलावलं तवा तिथं गेल्यावर कळलं. मी म्हनलं, थोरला गुजरातेत हाय, त्याला कुठं भरतीला जायचंय. एक वाचतोय तर वाचू दे."

"आणि मी?"

तिनं भाजीची जुडी पुन्हा हातात घेतली. विजयश्री दारात उभी होती. ती आत निघून गेली आणि त्या दिवशी सासूला ताट तिनं दिलं नाही, ज्योतीरामनं दिलं.

भरती ज्ञानेशला शेवटी मिळालीच नव्हती. आता तो पुनावळ्यात राहून टेम्पो चालवत होता. गुरुवारी ज्योतीराम त्याच्याकडे गेला. पार्किंगमध्येच त्यानं कागद पुढे केला. ज्ञानेशनं तो हातात घेतला नाही, लांबूनच वाचला आणि टेम्पोच्या पायरीवर बसला.

"दादा, मला वाटलं होतं मिटलं असेल आपोआप."

"आपोआप काय मिटतं रे?"

"निशिगंधाला नववा लागलाय. तिला यातलं काही माहीत नाही. तेवढं बाळंतपण होऊ दे, मी स्वतः कोर्टात उभा राहतो. आईशप्पथ. पंधरा दिवस. तोवर कुणाला सांगू नकोस."

वर गॅलरीत ज्ञानेशची बायको निशिगंधा येऊन उभी राहिली. भाऊजी, वर या ना, चहा टाकते, म्हणाली. ज्योतीरामला त्या पोरीच्या तोंडाकडे बघवेना. "पंधरा दिवस," तो भावाला म्हणाला आणि निघाला. रश्मींना त्यानं यातलं काहीच कळवलं नाही.

पंधरा दिवस काही मिळाले नाहीत. पुढच्याच सोमवारी पहिली शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर दोन पोलीस आले. सिक्युरिटीवाल्यानं त्याला नावानं हाक मारली. मागे बसची रांग होती, दीडशे माणसं. त्यातली निम्मी त्याला ओळखत होती.

"ज्योतीराम कोंडीराम डोईफोडे?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "हो. नाव माझंच आहे."

त्यांनी त्याला फोन करू दिला. त्यानं आधी रश्मींना केला, मग विजयश्रीला. तिनं फक्त "कुठल्या कोर्टात?" एवढंच विचारलं.

कोर्ट उठायच्या आत त्याला हजर केलं. रश्मी धावतच आल्या होत्या. त्यांनी हालोलची हजेरी, पीएफचा उतारा, व्रणाची नोंद, सगळं पुढे ठेवलं. न्यायाधीशबाईंनी एकेक कागद शांतपणे पाहिला. मग चष्म्यावरून ज्योतीरामकडे पाहिलं.

"ही सही तुमची नाही म्हणता. मग जामिनाला उभा राहिलेला माणूस कोण? आईचं नाव तर तुमच्याच आईचं दिसतंय."

एक नाव घेतलं की ज्योतीराम सुटणार होता. पण डोळ्यांपुढे निशिगंधाची ती गॅलरी येत होती. रश्मी त्याच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "बोला." तो बोलला नाही. न्यायाधीशबाईंनी लेखणी उचलली. आता आपली रवानगी तुरुंगात, हे त्याला कळून चुकलं. त्यानं कठड्याचं लाकूड घट्ट धरलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाईसाहेब, त्याला नका धाडू."

गोजाबाई उठून उभी होती. तिचा दंड विजयश्रीनं धरला होता. शिपाई तिला बसवायला पुढे झाला, न्यायाधीशबाईंनी हातानंच त्याला थांबवलं.

"त्यो अंगठा माझा हाय. ठाण्यात माझा धाकटा व्हता, ज्ञानेश. ह्यो नव्हता. मी आई हाय, मला ठावं हाय." तिला धाप लागली. "म्या गप ऱ्हायले. सात वरसं गप ऱ्हायले. चूक माझी हाय."

ज्योतीरामनं आईकडे पाहिलं आणि मान फिरवली. आपण सुटलो याचा आनंद त्याला झालाच नाही. झालं ते एवढंच की लाकडावरची बोटं सैल पडली.

कोर्टानं बोटांचे ठसे ताडून अहवाल मागवला आणि ज्योतीरामला जातमुचलक्यावर सोडलं. बुधवारी ज्ञानेश दुसरा वकील घेऊन स्वतः हजर झाला. त्याला नऊ दिवस येरवड्यात काढावे लागले. त्या नऊ दिवसांतच निशिगंधाला मुलगी झाली. चोरीची केस वर्कशॉपच्या मालकानं तडजोडीनं मिटवली. खोटं नाव सांगितल्याची केस मात्र वेगळी झाली आणि ती अजून चालू आहे.

ठशांचा अहवाल यायला पाच महिने लागले. त्यानंतर नाव वगळण्याचा आदेश, आदेशाची नक्कल, ती नक्कल दोन्ही ठाण्यांत देणं, पोच घेणं, आणि पुन्हा नवा अर्ज. ज्योतीरामनं यासाठी अकरा खाडे केले. शेवटी गुन्हा नसल्याचा दाखला हातात आला तोवर यादीतली त्याची जागा दुसऱ्याला गेली होती. एचआरनं सांगितलं, पुढच्या यादीत बघू. तो अजून ठेकेदाराकडेच आहे.

भावाशी तो बोलत नव्हता. आई काही दिवस पुनावळ्याला राहिली, पण तिथं निशिगंधा तिच्याशी बोलेना, म्हणून परत आली. विजयश्रीनं तिला घरात घेतलं आणि पहिल्या दिवसापासून ताटही वाढलं. का, ते तिनं कधी सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी एका रविवारी ज्योतीराम पुतणीला बघायला गेला. निशिगंधानं मुलगी त्याच्या मांडीवर दिली आणि ती आत गेली. ज्ञानेश समोर खाली मान घालून बसला होता.

"आत जेवायला काय देत होते?" ज्योतीरामनं विचारलं.

ज्ञानेशनं वर पाहिलं. "चपाती, डाळ. भात असायचा."

"आणि झोपायला?"

"जागा मिळायची नाही, दादा. कुशीवर झोपायचो."

ज्योतीरामनं मान डोलावली. मुलगी चुळबुळ करायला लागली तशी त्यानं तिला खांद्यावर घेतली आणि उठून गॅलरीत फिरवायला लागला. जेवून जा, असं ज्ञानेश आतून म्हणाला. हो म्हणायला त्याला थोडा वेळ लागला, पण तो जेवून गेला.