चार विभागांतली नलूवहिनी

कर्जतच्या बाजारात माठाच्या जुडीवरून मी भाजीवालीशी हुज्जत घालत होते, तेव्हा पोशीरहून दादाच्या शेजारच्या काशिनाथचा फोन आला. "शैलीताई, वैनी दार उघडत नाय. आतून कुलूप हाय, आन् दादा आत बोलताना ऐकू येतात." माझ्या हातातली जुडी तिथेच राहिली. घर आतून कुलपात का असतं ते मला ठाऊक होतं, आणि हाक ऐकून गप्प बसणारी बाई नलूवहिनी नव्हती. मी पोचेपर्यंत लोकांनी मागचं दार उचकटलं होतं. वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, तिच्या अंगावर स्वतःची शाल पांघरली होती आणि उशाशी मांडी घालून तो येईल त्याला सांगत होता, हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय तिचा. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, सकाळीच कधीतरी. कुलपाची किल्ली तिच्या कमरेला होती... महिना उलटून गेला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही पार पडला, पण माझं मन अजून त्या बंद घरातून बाहेर पडत नाही.

नलूवहिनी माथेरानची. तिचे वडील पाहुण्यांना घोड्यावरून फिरवायचे आणि दादा नेरळहून माथेरानला टॅक्सी चालवायचा, त्या येण्याजाण्यातच दोघांचं जमलं. लग्न होऊन ती खाली पोशीरला आली ती उकाड्याच्या नावाने बोटं मोडतच. भातलावणीला पहिल्यांदा चिखलात उतरली तेव्हा बांधावर उभ्या असलेल्या आमच्या आईला म्हणाली होती, तुमच्याकडे जमीन इतकी पातळ कशी हो? आई मरेपर्यंत ते सांगून हसायची. दर उन्हाळ्यात वहिनी धमकी द्यायची की मी आता वर जाऊन बसते, तुमी या मागाहून. जाऊन यायचीही. मग तिचे आईवडील गेले, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, आणि दादाचं विसरणं सुरू झालं. आधी नावं विसरला, मग दिवस. मग एक दिवस शर्ट चढवून निघाला, पॅसिंजर खोळंबलेत म्हणून. गाडी विकून कितीतरी वर्षं झाली होती. तो सापडला थेट चौक गावात, एका गॅरेजमध्ये दुसऱ्याच्याच गाडीत बसलेला, आणि उतरायला तयार नव्हता. त्या दिवसापासून पोशीरच्या घराला आतून कुलूप लागलं. माणूस आत राहावा म्हणून बाईही आत राहिली.

ती कंटाळू नये म्हणून मीच तिला आमच्या संस्थळावर आणलं. निवृत्त झाल्यापासून मी एका मराठी संस्थळावर संपादकाचं काम करते. काम म्हणजे काय, लोक धागे काढतात, त्यावर प्रतिसाद देतात, भांडतात, आणि आम्ही केर काढतो. माझा स्वभाव मुळात तापट. त्यात काही महाभाग एकच मजकूर पाककृतींतही टाकतात, भटकंतीतही टाकतात आणि शेतीतही टाकतात, का तर जास्त लोकांनी वाचावं. असलं काही दिसलं की मी एक ठेवते आणि बाकीचे उडवते. तिकडे मला मागून कात्री म्हणतात, म्हणोत. वहिनीला मी 'करवंद' नावाचा आयडी काढून दिला आणि पहिल्याच दिवशी दम भरला, एक गोष्ट एकाच विभागात टाकायची, नातं बघणार नाही मी. ती गप्पांच्या कट्ट्यावर रमली. माथेरानच्या माकडांचे असे काही किस्से लिहायची की परदेशातली माणसं कामं सोडून वाचायची. मी निर्धास्त झाले.

मग एक दिवस शेती विभागात तिचा धागा आला. गाय सारखी सुटते, काय करावं? वाचून मला हसूच आलं, कारण त्या घरात गाय नव्हती. आमचा गोठा पडून तिथे आता सरपण असतं. म्हटलं, वहिनीला लिहायची चटक लागली, आता गायही रचायला लागली. पण पुढे लिहिलं होतं, गाय म्हातारी आहे, गरीब आहे, पण दार दिसलं की तिला जुनी वाट आठवते, अडवलं की अंगावर येते आणि मग स्वतःच घाबरते... माझं हसू तिथेच विरलं. मी तिचे बाकीचे धागे उघडले. पाककृतींमध्ये तिने विचारलं होतं, घास गालात धरून बसणाऱ्या मुलाला काय भरवावं? भटकंतीत विचारलं होतं, नेरळहून माथेरानला जाऊन किती वेळात परत येता येईल? तिथे लोकांनी कळकळीने लिहिलं होतं, ताई, एक तरी मुक्काम करा, सगळे पॉइंट बघा. त्याखाली हिचं उत्तर, मुक्काम नको, एक चहा घेऊन परत फिरायचं आहे. आणि त्याच दिवशी कट्ट्यावर माकडाने पाहुण्याची टोपी पळवल्याचा किस्सा, हसऱ्या तोंडाचा.

मी तडक पोशीर गाठलं. दादाचं इतकं वाढलंय हे तिने मलाही कळू दिलं नव्हतं, मी गेले की त्याला न्हाऊमाखू घालून, भांग पाडून बसवायची. मी चिडून विचारलं, हे काय लिहिलंयस? ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तूच म्हनालीस ना, एक गोष्ट चार ठिकानी टाकायची नाय. मग मी वाटून टाकली." नवऱ्याचं नाव गावात कुणी वेडा म्हणून घेऊ नये ही तिची धडपड, ते मला पटलं. पण माझा नियम तिने इतक्या इमानदारीने पाळावा, याला काय म्हणू?

गंमत म्हणजे शेतीवाल्यांचा सल्ला तिला लागू पडला होता. कडी वर लावा, गुरं वर बघत नाहीत. ओरडू नका. आडवं उभं राहू नका, बाजूने चाला, एक फेरी तिच्या मनासारखी होऊ द्या आणि वळवून आणा. ती तसंच करायची. दादा निघाला की कुलूप काढायची, त्याचा हात न धरता बरोबरीने चालायची, घराला वळसा घालायची आणि म्हणायची, आलं बघा नेरळ, उतरा. तो उतरायचा. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी. पुढे शेतीतल्याच एका सभासदाने तिचा पाककृतींतला धागाही वाचला आणि सरळ विचारलं, ताई, ही गाय नक्की कोण आहे? दोन दिवसांनी तिची एक ओळ आली, "गाय नाय. आमचे हे हायेत."

त्यानंतर तो धागा नुसता वाहायला लागला. कुणाची आई तशी होती, कुणाचा सासरा. वेडा असा शब्द एकानेही काढला नाही. सगळ्यांचं एकच, वहिनींना एक दिवस बाहेर काढा. मी ठरवलं, गुरुवारी मी दादाजवळ बसणार आणि ही माथेरानला जाऊन येणार. नवी साडी नेसली होती हो ती... आणि दोन तासांत दारात हजर. टॅक्सीने वर दस्तुरी नाक्यापर्यंत गेली. गाड्या तिथेच थांबतात, पुढे चालायचं. उतरली, लाल मातीत चार पावलं टाकली आणि त्याच टॅक्सीने खाली आली. मी अशी संतापले की दादाच दचकला. तर म्हणते, ह्यांना स्टीलच्या पेल्यातून पाणी चालत नाय, हे तुला सांगायचं राहिलं व्हतं. पुन्हा दोनदा पाठवलं, दोनदा ती नेरळवरून परत आली. शेवटी मला म्हणाली, "कुलूप तू बाहेरून लाव नायतर आतून लाव, मी आतच असते गं." थंडीत दोघी मिळून जाऊ आणि दादाजवळ काशिनाथला बसवू, असं ठरवलं. थंडी यायच्या आत ती गेली.

बातमी संस्थळावर द्यायला हवी होती. माकडांचे किस्से वाचणाऱ्यांना गाय ठाऊक नव्हती, पेजेच्या आणि आंबिलीच्या कृती देणाऱ्या बायकांना हिचं माथेरान ठाऊक नव्हतं. मी एकच मजकूर लिहिला, आणि तो चारही विभागांत टाकला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी फाडून खाल्लं असतं. कुणा संपादकाने तो उडवला नाही. पाककृतीतल्या एकीने विचारलं, आता त्यांना कोण भरवतं?

मी भरवते. कर्जतचं घर बंद करून मी पोशीरला आले आहे. भाची न्यायला तयार होती, पण नाशिकच्या तिसऱ्या मजल्यावर दादाच्या बाजूने चालायचं कुठे? मागच्या दाराला नवी कडी बसवली आहे, वर. कुलूप आतून. भाजीला जायचं तर काशिनाथची वाट बघावी लागते. परवा खिडकीत उभी राहून समोरच्या डोंगराकडे किती वेळ बघत होते मला कळलं नाही, आणि एकदम भीतीच वाटली.

सुरुवातीला मी दादाला खरं सांगायची. नलू कुठं हाय गं, विचारलं की सांगायची, दादा, वैनी गेली. तो दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा रडायचा. सकाळी रडून झालं की दुपारी पुन्हा विचारायचा, आणि दुपारी पुन्हा तसाच... माणसाने एकाच बाईचं मरण रोज किती वेळा सोसावं? काल त्याने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "माथेरानला गेलीय." बोलले मात्र, माझी नजर दाराच्या कडीकडे गेली. वाटलं, आता हा शर्ट मागणार, तिला आणायला गाडी काढतो म्हणणार. पण तो खाटेवर टेकला. चेहरा असा निवला होता की तसा मी किती दिवसांत पाहिला नव्हता.

"बरं झालं," म्हणाला. "कवापासून जायचं म्हनत व्हती. घाई करू नको म्हनावं तिला, इथं शैली हाय."