दोन दोस्तांमधला दुभाष्या

मोमोसे किइची तरुणपणी हांबुर्गला एका जपानी जहाज कंपनीत कारकून म्हणून आला आणि हेडविग नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईशी लग्न करून तिथलाच झाला. लढाई पेटली, जहाजं थांबली, तेव्हा जपानी आरमारानं त्याला दुभाष्या म्हणून ओढलं. १९४४च्या वसंतात तो बव्हेरियातल्या एका विमानतळावर उभा होता. एका अंगाला कमांडर उसुई, दुसऱ्या अंगाला जर्मन इंजिनियर लांब्रेश्ट.

जेट विमानाची विद्या जपानला द्या, असा वरून हुकूम होता. द्यायची इच्छा मात्र कुणालाच नव्हती.

"इंजिनातल्या पात्यांचा धातू कोणता?" उसुईनं विचारलं.

लांब्रेश्ट मोमोसेला म्हणाला, "सांग त्याला, धातू कळायला आधी अक्कल लागते. नक्कल करून विमानं उडत नसतात."

"ते म्हणतात, विषय अवघड आहे, सवडीनं बोलू."

"सवडीनं? आमच्या पाणबुडीतून आलेलं रबर घेताना बरी सवड झाली. भामटे लेकाचे."

मोमोसे लांब्रेश्टकडे वळला. "कमांडरसाहेब आपले आभारी आहेत."

असं कित्येक आठवडे चाललं. धातूचा मात्र पत्ता लागेना. शेवटी उसुईला संशय आला.

"तो भडाभडा बोलतो आणि तू एवढंसं सांगतोस. बायको जर्मन ना तुझी? कुणाचं मीठ खातोस रे?" एवढं बोलून त्यानं सगळ्यांदेखत मोमोसेच्या कानशिलात लगावली.

लांब्रेश्ट हसला. "घरची भांडणं घरी करा."

दुसऱ्या दिवशी मोमोसेनं एकही शब्द गाळला नाही. अक्कल, नक्कल, भामटे, सगळं जसंच्या तसं पोचवलं. लांब्रेश्टचा चेहरा लालबुंद झाला. उसुईचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

"तो खरंच असं बोलला?" उसुईनं विचारलं.

"बोलले साहेब. रोज बोलतात. तुम्हीही बोलता."

बोलणी तिथंच मोडली. पण बर्लिनहून खरमरीत तंबी आली, तसे लांब्रेश्टनं धातूच्या तपशिलासकट सगळे नकाशे टेबलावर आदळले. उसुई ते घेऊन पाणबुडीनं मायदेशी निघाला. मोमोसेला बरोबर न्यायचं ठरलं होतं. तिकडं कोबेला त्याची म्हातारी आई होती. उसुईनं त्याला धक्क्यावरूनच परत धाडलं. "असल्या जिभेला माझ्या पाणबुडीत जागा नाही."

वाटेत अमेरिकनांनी पाणबुडी बुडवली. ही बातमी लांब्रेश्टनंच दिली.

"तुझा कमांडर गेला तळाला. आमची सगळी मेहनत घेऊन गेला."

"आत माणसं होती," मोमोसे म्हणाला.

"माणसं आमचीही मरतात."

मोमोसेला रडू आलं नाही. कानशिलात बसलेली ती चपराकच आठवत राहिली, आणि त्याची त्याला लाज वाटली.

लढाई संपल्यावर अमेरिकनांनी दोघांनाही चौकशीला बसवलं. जपानला काय काय दिलंत, असं त्यांनी विचारलं. लांब्रेश्ट आता भलताच गोड बोलत होता. "आम्ही तर देतच नव्हतो. विचारा यांना, हे आमचे जुने स्नेही."

"स्नेही नव्हतो," मोमोसे म्हणाला. "दिलं त्यांनी सगळं. शिव्या देऊन दिलं, पण दिलं."

लांब्रेश्टला ठेवून घेतलं, मोमोसेला सोडलं. हांबुर्गचं घर बॉम्बनं पडलं होतं. हेडविगनं एका तळघरात मशीन मांडलं होतं. तो तिच्या हाताखाली काजं करू लागला. आई वारल्याचं त्याला फार उशिरा कळलं. पुढं बंदरात जपानी खलाशी भेटले, जपानीत वाट विचारू लागले, की तो त्यांना जर्मनमध्ये उत्तर देई आणि चालू लागे.