डॉक्टरांनी न उघडलेली टाकी

आमचे सासरे बस आगारात हेड मेकॅनिक. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात आणि तेही चढून बसलेत. इंजिनाला कान लावला की रोग सांगतात, हे खरं. पण माणूस एक नंबरचा हेकट. अठराव्या वर्षी बस धुवायला लागले, पुढे हातात पाना आला, आणि तेव्हापासून आपलंही चुकतं हे त्यांना कबूलच नाही. घरी सासूबाई आणि आगारात त्यांचा मदतनीस मी, दोघंही नुसते नंदीबैल.

यंदा आठ गाड्यांना नवं डिझेल आलं, हॉटेलांनी तळून टाकलेल्या तेलापासून केलेलं. तेल कंपनीच्या इंजिनीअरबाईंनी समजावून सांगितलं, की यात कुणाच्या तोंडचा घास जात नाही आणि हवा निम्म्याहून कमी बिघडते. तीन महिने चाललं तर सगळ्या गाड्यांना तेच मिळणार होतं. डॉक्टरांनी नाक मुरडलं. म्हणे, आता खरकट्यावर बस चालवा. शेडमधला काळा धूर मात्र आठवड्यात विरळ झाला.

तिसऱ्या आठवड्यात गाड्या रस्त्यात बंद पडू लागल्या. फिल्टर काळ्या चिखलाने गच्च. डॉक्टरांना तेच हवं होतं. आगाराच्या साहेबांच्या टेबलावर फिल्टर आपटून आले.

मला राहवेना. जेवणाच्या सुट्टीत एक टाकी उतरवून उघडली. तळाला दोन बोटं गाळ, जुन्या डिझेलचा, वर्षानुवर्षांचा. नव्या तेलाने तो साबणासारखा सोडवला होता, एवढाच त्याचा गुन्हा. टाकी दरवर्षी उतरवून धुवायची असते. डॉक्टर बाहेरून टिचकी मारायचे, आवाज ऐकायचे आणि साफ आहे म्हणायचे. कानाचा माज, दुसरं काय!

त्यांना बोलावून गाळ दाखवला. त्यांनी गाळात बोट बुडवून पाहिलं. मग कपाटातून टाकी धुतल्याची कार्डं आणून माझ्यापुढे टाकली. प्रत्येकावर त्यांची सही, आणि खाली मदतनीस म्हणून माझी.

"सांगा साहेबांना, जावईबापू," ते म्हणाले. "जाऊ दोघं मिळून घरी."

मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. बाईंनी थेट मलाच विचारलं, "टाक्या धुतल्या होत्या ना?"

"दरवर्षी धुतो," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी नवं डिझेल बंद झालं. जाताना बाई शेडमध्ये आल्या, आमच्या तेलामुळे तुम्हाला फार त्रास झाला म्हणाल्या, आणि त्यांनी माझी माफी मागितली.