पानशेतच्या पुढे, परीक्षा घ्यायला

आमच्या हिंजवडीच्या कंपनीत शनिवारी समाजसेवा केली की अप्रेजलमधला एक रकाना हिरवा होतो. माझा लाल होता. म्हणून एका संस्थेने वाड्यांवरच्या आशा आरोग्यसेविकांना दिलेल्या प्रशिक्षणाचा काही उपयोग झाला का, हे तपासायला मी पानशेतच्या पुढच्या एका वाडीवर निघालो. सोबत लॅपटॉप, छापील पेपर आणि टोपी.

जाणाऱ्यांसाठी: सिंहगड रस्ता सहाच्या आत सोडा. तेव्हा खडकवासल्याला कणीस मिळत नाही, पण रस्ता मिळतो. पानशेतनंतर डांबर अधूनमधून असतं. वडापाव दहा रुपये, चटणी मागितली तर मिळते. पेट्रोल पुण्यातच भरा.

शाळेच्या वर्गात परीक्षेला एकट्या सुनंदाताई. वाडीतल्या बाळंतिणींकडे जाणं, बाळाचं वजन करणं, गरज पडली तर दवाखान्यात नेणं, हे सगळं त्याच बघतात. नापास झाल्या तर पुढचं प्रशिक्षण बंद आणि वजनकाट्याची पिशवी परत. पेपर तासाभराचा. पहिलाच प्रश्न: हात धुण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहा. त्यांनी तो कोरा सोडला होता. मी मनातल्या मनात शून्य दिलं.

अर्ध्या तासाने एक आजोबा दारात आले. "सुनंदे, नातू सकाळधरनं पीत न्हाय."

त्या उठल्या. मी म्हणालो, "ताई, अर्धाच तास राहिलाय. पेपर पूर्ण करून जा."

त्यांनी पेन माझ्या टेबलावर ठेवलं. "पेपर हितंच हाय सायेब. पळून जात न्हाय."

मीही मागोमाग गेलो, कारण रिकाम्या वर्गाची परीक्षा घेता येत नाही. बाळ चार दिवसांचं होतं. मी वाकून बघायला लागलो तर ताईंनी अडवलं.

"आधी हात धुवा." धुतले.

"अंगठी काढून." पुन्हा धुतले.

"बोटांच्या मधी." तिसऱ्यांदा धुतले.

मग त्यांनी घड्याळाकडे बघत बाळाचे श्वास मोजले. पूर्ण मिनिटभर, आणि परत एकदा. "दवाखान्यात न्यायचं. तुमची गाडी हाय ना?"

होती. बाळ आईच्या छातीशी, पदराखाली. मला चांगलीच भीती वाटत होती. मागून ताई फक्त "खड्डा" एवढंच सांगत होत्या. डॉक्टरांनी बाळाला ठेवून घेतलं आणि ताईंना म्हणाले, "वेळेत आणलंत."

घरी येऊन निकाल भरायला बसलो. सॉफ्टवेअरने विचारलं, पेपर अपूर्ण का? पर्याय तीन: उमेदवार निघून गेला, वीज गेली, परीक्षकाची चूक. पहिला निवडला की नापास. तिसरा निवडला की परीक्षा पुन्हा, आणि परीक्षकाने खुलासा द्यायचा. मी तिसरा निवडला. खुलाशात लिहिलं, "बाळ आजारी असल्याचं समोर कळूनही मी उमेदवाराला आधी पेपर पूर्ण करायला सांगितलं." लिहिताना लाज वाटली. चुकलेली परीक्षा समाजसेवेत धरत नाहीत, त्यामुळे रकाना लालच राहिला.

साखरपुड्याची अंगठी तेव्हापासून घरी बेसिनपाशी आहे. त्याचा खुलासा बायकोने वेगळा मागितला.

मंगळवारी ताईंचा फोन आला. "बाळ पितंय. माझा पेपर परत कधी हाय?"

म्हटलं, येत्या शनिवारी.

"या. पर बाळाला बघायचं असंल, तर हात धुवूनच."