पाडव्याची पोर, साडेबारा तास

मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही, हे माझ्या नवऱ्याचं लग्नापासूनचं गाऱ्हाणं. पण त्या मार्चमधल्या आठवड्यात मी जेवढ्या येरझाऱ्या घातल्या, तेवढ्या जन्मात घातल्या नसतील. लंडनच्या पिनर उपनगरातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटचा हॉल सात पावलांचा होता. जाताना सात, येताना सात, आणि हातात नर्सरीचा फॉर्म.

पुण्यात मी फिजिओथेरपिस्ट होते. इथे आले, मुलगी झाली, आणि इथे काम करायच्या रजिस्ट्रेशनच्या कागदांपायी अडीच वर्षं गेली. कॉलेजचा शिक्का पुसट आलाय म्हणून एकदा अख्खं बाड परत आलं होतं. अखेर एकदाचा नंबर मिळाला आणि जवळच्याच हॉस्पिटलमध्ये सकाळची पार्ट-टाइम जागाही मिळाली. ईस्टरनंतर रुजू व्हायचं, आणि येत्या शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा. नाही कळवला तर जागा दुसऱ्याला.

सगळं घोडं नर्सरीपाशी अडलं होतं. मूल तीन वर्षांचं झालं की आठवड्याचे साडेबारा तास सरकार देतं, म्हणजे रोजचे अडीच. नर्सरीची सकाळ पाच तासांची, तेव्हा निम्मी फी माफ. उरलेली निम्मी माझ्या पगारात आरामात बसत होती. पूर्ण भरायची म्हटली तर पगार नर्सरीच्या दारातच संपत होता आणि वर पदरचे घालावे लागत होते. नवरा ज्युनियर डॉक्टर, त्याचं सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं, पुढचं कुठे मिळेल याचा पत्ता नाही. पदरी होतं काय घालायला?

तरी मी निर्धास्त होते. लेकीचा वाढदिवस दोन एप्रिलला. टर्म सुरू होणार ईस्टरची सुट्टी संपल्यावर, एप्रिलच्या शेवटी. तोवर ती तीनची झालेली असणार. इतका सरळ हिशोब होता की मी मैत्रिणींना नोकरीचं सांगूनही बसले होते.

नर्सरीच्या मॅनेजरबाई फार गोड बोलायच्या. जन्मतारखेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ओह, व्हॉट अ शेम. शी हॅज जस्ट मिस्ड इट."

एकतीस मार्चपर्यंत ज्यांना तीन पूर्ण होतात, त्यांना ईस्टरनंतर तास मिळतात. एक एप्रिलपासून पुढे जन्मलेल्यांना थेट सप्टेंबरमध्ये.

"पण टर्म सुरू होईल तेव्हा ती तीनची असेल ना?" मी विचारलं.

"येस, लव्ह."

"मग?"

"इट्स द टर्म आफ्टर, लव्ह."

म्हणजे शाळा कधीही उघडो, सरकारच्या लेखी टर्म एक एप्रिललाच लागते. मी घरी येऊन कौन्सिलला फोन लावला. तिथल्या मुलानेही तेच सांगितलं, फक्त लव्ह म्हणाला नाही.

दोन दिवसांनी हुकलं होतं. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली ती यासाठी की ते दोन दिवस काही निसर्गाने घातलेले नव्हते. लेक पोटात पायाळू होती, म्हणून सिझेरियनची तारीख आधीच ठरवायची होती. हॉस्पिटलने दोन दिवस सुचवले होते, सोमवार एकतीस मार्च किंवा बुधवार दोन एप्रिल. सोमवार अमावस्येच्या तोंडावर आणि बुधवारी गुढीपाडवा. आम्ही बुधवार घेतला.

"आमच्या सासूबाईंचा हट्ट," हे मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत, नवऱ्याच्या मित्रांच्या बायकांत. बायका हसायच्या, आपापल्या सासवांचे किस्से काढायच्या, माझी कीव करायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

गुरुवारी सकाळी, नवरा ड्यूटीवर असताना, मी फोनकार्ड खरवडलं आणि पुण्याला फोन लावला. हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"आई, तुमच्या त्या पाडव्यापायी माझी नोकरी चालली," मी म्हटलं, आणि फॉर्म, टर्म, एक एप्रिल असं सगळं एका दमात ओतलं. येरझाऱ्या चालूच होत्या. माझं संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मी सोमवारच म्हटलं होतं गं. पायाळू पोर आहे, उगाच लांबवू नका, म्हटलं होतं. पाडवा तू म्हणालीस."

पाय हॉलच्या मध्यावर थबकले. मला आठवलं.

ते माझं या देशातलं पहिलं वर्ष. ओळखीचं कुत्रं नव्हतं त्या गावात. पाडव्याला ना काठी मिळणार होती, ना कडुलिंब, ना साखरेच्या गाठी. डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडर पुढे केलं आणि दोन एप्रिलचा चौकोन दिसला, तेव्हा मला वाटलं, निदान बाळ तरी आपल्या सणाला आपल्या घरी यावं. पण शिकलीसवरलेली बाई मुहूर्त बघते हे त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने सांगणार? मी पटकन म्हणून गेले की माझ्या सासूबाईंची तशी इच्छा आहे. तेच नवऱ्याला सांगितलं. मग सगळ्यांना. आणि सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं.

"मी तुमच्यावर खापर फोडते, हे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"हा म्हणाला होता एकदा फोनवर."

"मग तुम्ही त्याला खरं का नाही सांगितलंत?"

"बाळंतीण होतीस. नंतर राहून गेलं," त्या म्हणाल्या. "आता मला सांग, कधीपासून जायचंय तुला कामावर?"

भर आंब्याच्या दिवसांत, दुखरे गुडघे घेऊन, सहा महिन्यांच्या व्हिसावर त्या आल्या. मी कामावर जाऊ लागले. हिप बदललेल्या म्हाताऱ्यांना वॉकर धरून चालवायचं माझं काम, आणि इथे घरी त्या लेकीचा हात धरून, जिना एकेक पायरी उतरत, पार्कात जायच्या. जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड बघून त्यांना दिवा कधी लावायचा ते कळेना. शेवटी घड्याळात सात वाजले की त्या भर उन्हात निरांजन लावायच्या. मला रोज वाटायचं, आज नवऱ्याला सांगावं. रोज मी काहीतरी आवरायला उठायचे आणि ते राहायचं. त्यांनी त्यावरून एक शब्द काढला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

सप्टेंबर आला. नर्सरीच्या पहिल्या दिवशी आम्ही चौघंही गेलो, कारण आठवड्याने सासूबाई परत निघणार होत्या. मॅनेजरबाईंनी नवा फॉर्म पुढे ओढला आणि परत तारखेवर बोट ठेवलं.

"सेकंड ऑफ एप्रिल. दोज टू डेज," त्या सासूबाईंकडे बघून हसल्या. मार्चमध्ये मी त्यांनाही तो किस्सा ऐकवला होता. "सो धिस इज द ग्रॅनी हू पिक्ड द डेट?"

सासूबाईंना इंग्रजी बोलता यायचं नाही, पण कळायचं सगळं. त्यांनी नातीच्या डब्याचं झाकण नीट बसलंय का ते उगाचच दाबून पाहिलं.

"नो," मी म्हटलं. "दॅट वॉज मी. शी सेड मंडे."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, सासूबाई काहीतरी बोलतील, निदान एकदा मान वर करून बघतील. त्यांनी डबा पिशवीत घातला आणि पिशवी लेकीच्या खांद्याला अडकवली.

"चल, नीघ तू आता," त्या मला म्हणाल्या. "तुला उशीर होतोय."