पायांवरच्या निळ्या शिरा

परळच्या एका मोठ्या दुकानात मी सतरा वर्षं लिपस्टिक आणि परफ्यूम विकते आहे. दुकान अकराला उघडतं, आम्ही बायका साडेदहापासून उभ्या. बसायची सोय फक्त गिऱ्हाइकांना. बायकोची खरेदी आटपेपर्यंत नवऱ्यांनी मोबाइल बघत बसावं म्हणून एक मऊ सोफा आहे. स्टाफने त्यावर बसायचं नाही, ही ताकीद पहिल्याच दिवशी मिळते.

धाकट्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर माझ्या पोटऱ्यांवर आणि गुडघ्यांमागे बारीक निळ्या-जांभळ्या शिरा उमटायला लागल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. पॅन्ट होती तोवर कुणाला दिसल्या नाहीत. मग युनिफॉर्म बदलला आणि गुडघ्यापर्यंतचा काळा स्कर्ट आला. चारच दिवसांत फ्लोअर मॅनेजरने मला बाजूला बोलावलं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल.

"मॅडम, पर्सनली घेऊ नका. पण आपण ब्युटी विकतो ना? पायांचं काहीतरी करून घ्या. हल्ली इंजेक्शनने जातं सगळं."

राग तेव्हाच यायला हवा होता. मला आली ती लाज. घरी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून मी माझ्याच पायांकडे परक्यासारखी बघत राहिले. सुट्टीच्या दिवशी दादरला एका क्लिनिकमध्ये गेले.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. आतल्या मोठ्या शिरा ठीक आहेत ना, हे त्यांनी आधी सोनोग्राफी करून पाहिलं. मग केसासारख्या सुईने एकेका शिरेत औषध सोडायला लागल्या. आधी मुंगी चावल्यासारखं व्हायचं, मग आग. उजवा पाय झाल्यावर त्यांनी त्यावर घट्ट मोजा चढवला.

"चालायचं भरपूर, पण एका जागी उभं राहायचं नाही. काम कसलं करता?"

"दुकानात. दहा तास उभी असते."

"मग आज घालवल्या तरी नव्या येतील. दुखतात का?"

"संध्याकाळी ठणकतात. रोजच."

"किती वर्षं?"

मी आकडा सांगितला. त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "इतकी वर्षं दुखतायत, आणि आलात कधी, तर दिसायला लागल्यावर."

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. पण त्या टेबलावर, एक पाय मोज्यात आणि एक उघडा असताना, माझं डोकं सणकलं. डावा पाय करू नका म्हटलं. त्यापेक्षा एक चिठ्ठी द्या.

दर तासाला थोडा वेळ बसू द्यावं, एवढंच त्या चिठ्ठीत होतं. मॅनेजरने ती वाचून परत केली.

"स्टूल ठेवलं तर फ्लोअर वाण्याच्या दुकानासारखा दिसेल, मॅडम."

"पाय खराब झाले ते तुमच्याच फ्लोअरवर उभं राहून. दिसतात म्हणून सुया मी टोचून घ्यायच्या, आणि बसायचंही नाही?"

"रूल आहे. माझ्या हातात काय आहे?"

दुपारी दुकानात कुणी गिऱ्हाईक नव्हतं. मी सरळ गेले आणि त्या सोफ्यावर बसले. लालबागहून येणारी, माझ्याहून जुनी एक सेल्सवुमन लांबून बघत होती. रिटायर व्हायला तिला वर्षही उरलं नव्हतं. ती आली, म्हणाली, "सरक गो जराशी," आणि टेकली. मग आणखी दोघी आल्या. मॅनेजर धावत आला.

"हे काय चाललंय?"

"गिऱ्हाईक आलं की उठतो," मी म्हटलं.

त्याने वर फोन लावला, आम्हाला मेमो मिळाले. आम्ही रोज दुपारी बसत राहिलो. महिन्याभराने काउंटरच्या मागे, बाहेरून दिसणार नाहीत अशी दोन स्टुलं आली. सात बायकांत दोन.

परवा हेड ऑफिसची माणसं आली होती. मॅनेजर त्यांना ती स्टुलं दाखवत होता. "स्टाफची काळजी आम्ही स्वतःहून घेतो, सर." मी समोरच उभी होते. त्यांच्यादेखतच म्हटलं, "स्वतःहून नाही, सर. आमचे मेमो फायलीत आहेत, वाचून बघा."