बारीक सुताचा टायर

टायर म्हणजे रबर चोपडलेलं कापड. हे मला दुकानदाराने नाही, माझ्या मोठ्या भावाने शिकवलं. आमचे वडील मागावर लुगडी विणायचे. आम्ही दोघं नोकऱ्यांत गेलो, पण कापड चिमटीत धरून पाहायची खोड काही गेली नाही. डोंगरी सायकलीचा टायर घ्यायला गेलं की भाऊ त्याची कड अंगठा आणि बोटात धरायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "जाडं सूत आहे गा. ठेव वापस." दुकानदार हसायचा. मला मात्र बरं वाटायचं.

कळमेश्वरच्या बाजूला एका टेकडीभोवती आमची रविवारची वाट होती. वाट एकच, पण वर्षभरात तिचे स्वभाव बदलायचे. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी लिंपून बसायची की सायकल ढकलतानाही चाक फिरत नसे; तेव्हा अरुंद टायर, उंच आणि विरळ दात्यांचा. हिवाळ्यात मुरूम दाबून टणक झालेला, मग बुटक्या, दाट दात्यांचा, सरसर पळणारा टायर. उन्हाळ्यात त्याच मुरमावर सुटी गिट्टी आणि सागाची वाळलेली पानं. मागच्या चाकाला पळणारा टायर तेव्हाही चालायचा, पण पुढच्या चाकाला पकड हवीच, नाहीतर वळणावर तोंड फुटलंच म्हणून समजा. इंटरनेटवर यावर सल्ल्यांचा रतीब आहे. काळी माती न पाहिलेली माणसं उंटावरून शेळ्या हाकतात.

मग डॉक्टरांनी सांगितलं की भावाची फुफ्फुसं कडक होत चालली आहेत. औषधाने आजाराची चाल मंदावेल, पण तो मागे फिरणार नाही. सायकल झेपेल तेवढी चालवा, म्हणाले. झेपेल तेवढी म्हणजे किती, हे दर महिन्याला कमी होत गेलं. चढावर तो मागे पडू लागला. मी बुटाची लेस बांधायचं नाटक करून थांबायचो, तर तो धापा टाकत येऊन म्हणायचा, "काहून थांबला गा? जा ना समोर." मला त्या आजाराची भयंकर चीड यायची. आणि त्याच्याशी भांडायला माझ्या हातात टायर सोडून काहीच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मी त्याच्यासाठी दुकानातला सगळ्यात हलका, सगळ्यात पळणारा टायर मागितला. भावाने कड चिमटीत धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही. "बाबाच्या हातचं असावं, असं बारीक सूत आहे," तो म्हणाला. त्याच्या सायकलीला त्याच टायरची जोडी बसवली. माझ्या सायकलीवर मी पावसाळ्यातले जड टायर मुद्दाम तसेच ठेवले.

त्या रविवारी तो माझ्यापुढे होता! चढावरून वळून ओरडला, "ये गा लवकर, झोपून राहिला का?" मी मागे घाम गाळत होतो आणि खरंच सुखात होतो. नव्याचे नऊ दिवस, हे कळत असूनही मनाने धरलं की आजार हटला.

टेकडीच्या मागे कुणीतरी रस्त्यासाठी ताजी फोडलेली गिट्टी टाकली होती. तिच्यावरून जाताना भावाच्या मागच्या टायरची कड जुना पदर फाटावा तशी टर्रकन फाटली. ठिगळ टिकेना. बारीक सूत लुगड्याला शोभतं, धारेच्या दगडाला जाडंच सूत पुरतं, एवढी साधी गोष्ट विणकराच्या दोन पोरांना सुचली नव्हती. आमचा चिमटीवर फार भरवसा.

मग पायी निघालो, आणि चाकावर झाकलेलं सगळं उघडं पडलं. तो चार पावलं टाकायचा आणि वाकून उभा राहायचा. शेवटी पळसाच्या बुंध्याशी बसला. त्याचे ओठ निळसर झाले होते. दोन्ही सायकली धरून मी नुसता उभा होतो.

श्वास जरा बसल्यावर तो म्हणाला, "तुये टायर पावसाळ्यातले आहेत. मले का दिसत नाही?" मी मान खाली घातली. "टायरनं वाट हलकी केली गा, छाती नाही. पण मजा आली."

भाजीच्या एका गाडीने आम्हाला सायकलींसकट घरी सोडलं.

त्यानंतर तो सायकलीवर बसला नाही. उन्हाळा लागताना मी टायर घ्यायला निघालो, तर हट्टाने सोबत आला. दुकानात स्टुलावर बसून एकेका टायरची कड चिमटीत धरून पाहत होता. बारीक सुताचा त्याने बाजूला सारला आणि सगळ्यात जाड, जड होता तो माझ्याकडे दिला.

"हा जड आहे भाऊ. तुले नाही झेपणार."

"मायासाठी नाही, तुयासाठी. आता वाटेवर तू एकटाच राहशीन. फाटला तर थांबाले कोण आहे तिथं?"

मी तो टायर गल्ल्यावर ठेवला. दुकानदार पिशवी काढत म्हणाला, "दोन जोड्या ना, नेहमीसारख्या?"

"एकच," भाऊ म्हणाला.